ऑनलाइन कंपन्यांचे फीडबॅक सर्व्हे भरून खरंच काही फरक पडतो का?

मुलुंडकर_मनवा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकते. या मोठ्या ऑनलाइन कंपन्या सतत जे सर्व्हे पाठवतात ना, पार्सल आलं की सर्व्हे, चॅट संपलं की सर्व्हे, रिफंड आला की सर्व्हे, नाही आला तरी सर्व्हे, ते कोणी वाचतं का? म्हणजे त्याने तिकडे काही हलतं का, की आपल्याला बोलून मोकळं झाल्यासारखं वाटावं म्हणून ठेवलेत?

झालं असं की आईसाठी एका बड्या कंपनीकडून मिक्सर मागवला, नाव नको. आला तो जारला चीर गेलेला. रिटर्न टाकलं, माणूस येऊन घेऊन गेला, इथवर सगळं व्यवस्थित. पैसे मात्र आले त्यांच्या ॲपच्या वॉलेटमध्ये, भरले होते मी बँकेच्या कार्डाने. चॅटवर गेले तर तिकडचा मुलगा इतका गोड की विचारू नका, दर वाक्याला मॅम, आय अंडरस्टँड, तुमच्या जागी मी असतो तर मलाही वाईट वाटलं असतं वगैरे वगैरे. हाती काय आलं तर भोपळा. पॉलिसी आहे मॅम, रिटर्न करताना वॉलेटचा ऑप्शन आधीच टिक केलेला असतो, तो बदलायचा असतो. घ्या आता.

मग आला सर्व्हे. त्यात प्रश्न काय, तर एजंट नम्र होता का, त्याला तुमची अडचण समजली का, उत्तर लवकर मिळालं का. आणि तिन्हीचं उत्तर हो! नम्र होता, समजली होती, आणि नाही ते लवकरच म्हणाला. वॉलेटबद्दल अख्ख्या सर्व्हेत एक प्रश्न नाही. शेवटी एक चौकोन होता, 'आणखी काही सांगायचंय?' त्यात निबंध लिहिला, अक्षरांची मर्यादा संपली म्हणून कापून परत लिहिला. उत्तर म्हणून 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असा मेल आला, तो इतक्या पटकन आला की मी सबमिट दाबायच्या आधीच निघाला असणार.

नवरा म्हणतो कशाला वेळ घालवतेस, पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटतं कुठेतरी कुणीतरी वाचत असेल. इथे आतलं माहीत असलेलं कोणी आहे का?

बारा_डबा_फास्ट

नाही वाचत. पुढचा प्रश्न.

(मिस्टरांना माझा नमस्कार सांगा, माणूस अनुभवी दिसतोय.)

मालाड_नाइटशिफ्ट

वाचतात हो ताई, पण कोण वाचतं आणि कशासाठी वाचतं ते ऐकलंत तर तुमचा निबंध कुठे गेला ते कळेल. मी मालाडला एका बीपीओत होतो, आधी फोनवर, मग क्वालिटीत, डोमेस्टिक प्रोसेस, एका ऑनलाइन दुकानाची. आता सोडलंय म्हणून मोकळेपणी सांगतो.

तुम्ही भरला त्याला तिकडे सीसॅट म्हणतात, कस्टमर सॅटिस्फॅक्शन. पाचपैकी चार किंवा पाच दिले तर ग्राहक खूश. तीन म्हणजे 'ठीक होतं' असं आपल्याला वाटतं, फ्लोअरवर तीनला कोणी ठीक म्हणत नाही, तो टक्केवारी खालीच ओढतो. एक किंवा दोन आला की तो डीसॅट, आणि डीसॅट आला की टीएल, म्हणजे टीम लीडर, खुर्ची ओढून बाजूला बसणार, हेडफोन लावून तोच कॉल परत ऐकायचा आणि आरसीए भरायचा, म्हणजे एक्सेलमध्ये लिहायचं की हे गिऱ्हाईक नाराज का झालं. त्यात एक कॉलम असायचा, कारण एजंट की प्रोसेस की प्रॉडक्ट. खरी गंमत या कॉलममध्ये आहे. प्रोसेस लिहिलं तर ते जाणार क्लायंटच्या गळ्यात, आणि ज्याच्या कॉन्ट्रॅक्टवर सगळ्यांचा पगार निघतो त्याला दर आठवड्याला 'साहेब तुमची पॉलिसी वाईट आहे' हे सांगणार कोण? म्हणून मग टीएल म्हणायचा, अरे तू अजून थोडी एम्पथी दाखवली असतीस तर दोनाचे चार झाले असते रे, लिही, एम्पथी कमी. झालं, त्या पोराला कोचिंग, त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह गेला. म्हणजे दुखणं पॉलिसीचं आणि ट्रेनिंग गोड बोलायचं. तुमच्या चॅटवरचा मुलगा एवढा साखरेत का बोलत होता ते आता आलं ना लक्षात?

चौकोनातला मजकूर वाचला जायचा पण कसा, तर टॅग लावण्यापुरता. डिलिव्हरी, रिफंड, ॲटिट्यूड, अदर्स असे टॅग. तेव्हा आम्ही हाताने लावायचो, आता हे काम मशीनकडे गेलंय. एका परिच्छेदात पाच तक्रारी असल्या तरी टॅग एकच, डोळ्यात पहिली भरली ती. मराठी-गुजरातीत लिहिलेलं आलं की रात्रीच्या शिफ्टला ते वाचणारा असेलच असं नाही, सरळ अदर्स. आणि अदर्समध्ये काय आहे हे विचारायला कधी कोणी आल्याचं मला आठवत नाही. महिन्याच्या शेवटी सगळ्याची मिळून एक स्लाइड व्हायची, टॉप फाइव्ह रीझन्स, ती क्लायंटकडे जायची. एवढाच प्रवास.

मग बदल व्हायचेच नाहीत का, तर व्हायचे. पण सर्व्हेने नाही, फोनने. एकाच कारणासाठी लोक परत परत फोन करायला लागले की त्या प्रत्येक फोनचे पैसे क्लायंटला मोजावे लागतात, तेव्हा तिकडे कुणाची तरी झोप उडते. आमच्या वेळी रिटर्नच्या पिकअपचा मेसेज यायचा 'आज आपले पिकअप होईल', वेळ नाही काही नाही, लोक दिवसभर घरी अडकून बसायचे आणि संध्याकाळी फोनवर फोन, कधी येणार, येणार आहे का. सर्व्हेत सगळे हेच ओरडत होते महिनोन्‌महिने. हललं कधी, तर या एका मेसेजपायी किती कॉल येतात याचा हिशोब क्लायंटसमोर ठेवला तेव्हा. मग मेसेजमध्ये वेळेचे स्लॉट आले. हां, त्या मीटिंगला सर्व्हेतल्या कॉमेंट स्लाइडवर लावल्या होत्या, म्हणजे अगदीच फुकट गेल्या नाहीत, पण निर्णय कॉमेंटवर झाला नाही, कॉलच्या बिलावर झाला.

आकडेमोड

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे, पवईत एका ॲपवाल्यांकडे डेटाचं काम करते, त्यामुळे मालाडवाल्यांनी सांगितलेली ती टॉप फाइव्हची स्लाइड उघडणारी मीच. थोडी भर घालते.

अजून एक सर्व्हे येतो बघा, 'तुम्ही मित्रांना किंवा नातेवाइकांना आमचं नाव सुचवाल का, शून्य ते दहामध्ये सांगा'. हा एनपीएस, नेट प्रमोटर स्कोअर. बेन अँड कंपनीच्या फ्रेड रायकहेल्डने डिसेंबर २००३ च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडला, मुद्दा असा की लांबलचक सर्व्हे सोडा, कंपनी वाढणार का हे कळायला हा एकच प्रश्न पुरे. वरच्या लोकांना आणखी काय हवं, एक आकडा, एक आलेख, मीटिंग संपली. हिशोब असा की ९ आणि १० देणारे प्रमोटर, ० ते ६ देणारे डिट्रॅक्टर, ७-८ वाले ना इकडे ना तिकडे. प्रमोटरांच्या टक्क्यातून डिट्रॅक्टरांचे टक्के वजा करायचे, उरतो तो स्कोअर.

आता हे आपल्या माणसांना लावून बघा. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणणारी माणसं आपण, दहापैकी आठ म्हणजे आपल्या दृष्टीने पाठ थोपटली, आणि ते आठ धरलेच जात नाहीत. सहा आपण 'बरं आहे की' म्हणून देतो, तिकडे तो सहा आणि संतापून दिलेला शून्य एकाच पिशवीत. शंभर जणांनी भरला, ४० जणांनी ९-१० दिले, ३५ जणांनी ७-८, उरलेल्या २५ जणांनी शून्य, तर स्कोअर १५. पुढच्या वेळी कंपनीने जीव तोडून काम केलं आणि त्या २५ जणांनी शून्याचे सहा केले, तरी स्कोअर १५ च! एवढ्या लोकांचा राग गेला आणि आकड्याला पत्ता नाही. उलट आठ देणाऱ्या थोड्या लोकांना कूपन देऊन नऊवर नेलं की आकडा लगेच वर. मग तुमचा बोनस या आकड्यावर असेल तर तुम्ही काय कराल सांगा.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये हे बँकांच्या आणि पतधोरणाच्या संदर्भात लिहिलं होतं, की एखाद्या मापाच्या जोरावर नियंत्रण करायला गेलात की ते मापच भरवशाचं राहत नाही. अर्थशास्त्रातलं सोडा, सर्व्हे कधी पाठवायचा एवढंच बघा ना. पार्सल वेळेवर पोचलं की लगेच पॉपअप, ऑर्डर कॅन्सल झाली की शांतता. कुणाला विचारायचं हे ज्याच्या हातात, निकाल अर्धा त्याच्याच हातात.

आणि खरं सांगू का, कंपन्यांचा स्वतःचाही या स्टारांवर पुरता विश्वास नाही. यूट्यूबने २००९ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की लोक देतात ते बहुतेक स्टार पाचच असतात, मधले कोणी वापरतच नाही, मग २०१० मध्ये लाइक-डिसलाइक आणलं. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्टार काढून अंगठा ठेवला. तुम्ही काय म्हणता यापेक्षा तुम्ही काय करता ते बघतात, किती वेळ थांबलात, परत आलात का, परत घेतलंत का. मनवा, एक विचारू, वॉलेटमध्ये आलेले पैसे तुम्ही त्याच ॲपवर खर्च केलेत का? केले असतील तर आमच्यासारख्यांच्या डॅशबोर्डवर ती वॉलेटची आयडिया यशस्वी म्हणून हिरव्या रंगात दिसतेय.

मुलुंडकर_मनवा

केले ना! ते पैसे बाहेर निघतच नाहीत तर काय त्यांची पूजा घालू? हिरवा रंग म्हणे. माझा इतका संताप झालाय वाचून.

भांडुपचा_पक्या

सगळे कंपनी आणि ग्राहक एवढंच बोलतायत, मधल्या माणसाकडे पण बघा जरा. माझा धाकटा भाऊ फूड डिलिव्हरी करतो, भांडुप ते पवई पट्टा. तुमच्या त्या स्टारांचा फरक पडतो का विचारताय, अहो त्याला पडतो, कंपनीला नसेल पडत. रेटिंग घसरलं की चांगले स्लॉट दुसऱ्यांना आधी उघडतात, हा आपला मोबाइल बघत नाक्यावर उभा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. पवईतला एक टॉवर, मेन लिफ्टने वॉचमन सोडत नाही, डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टनेच जायचं असा सोसायटीचा नियम, आणि सर्व्हिस लिफ्ट बंद. गडी चौदा मजले जिन्याने. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, पिशवी ओली, स्क्रीनवर बोट चालत नाही, तर प्रत्येक वेळी आतल्या बनियनला बोट पुसायचं आणि मग 'रीच्ड' दाबायचं. वर पोचला तर मॅडम पिशवी उघडून बघतात, सूप सांडलेलं. डब्याचं झाकण हॉटेलात नीट लावलं नव्हतं, वर सेलोटेप मारून आडवा भरला होता. वन स्टार. आता ॲपमध्ये हॉटेलचं रेटिंग वेगळं असतं हो, पण रागात माणूस समोर पहिलं येईल ते दाबतो आणि समोर पहिलं येतो डिलिव्हरीवाल्याचा फोटो. चोर सोडून संन्याशाला फाशी. सोसायटीला स्टार द्यायची सोय कुठे आहे सांगा, पहिला मी भरतो.

आणि ते 'फाइव्ह स्टार द्या ना साहेब' म्हणतात त्याचा लोकांना वैताग येतो, येऊ दे, पण तो भीक मागत नाही, पुढच्या आठवड्याचं काम मागतोय.

मालाड_नाइटशिफ्ट

पक्या भाऊ, १०० टक्के. आमच्याकडे पण तेच, पॉलिसी ठरवणाऱ्याला कोणी स्टार देत नाही, त्याच्या नावाचा सर्व्हेच नसतो.

शुभदा_गोरेगाव

सगळेच इतके निराश होऊ नका, माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या बिल्डिंगचा मॅपवरचा पिन मागच्या गल्लीत पडायचा, तिथे भिंत आहे, दरवाजा नाही. प्रत्येक डिलिव्हरीवाला तिकडे जाऊन फोन करणार, मी खिडकीतून हात करणार, हा रोजचा तमाशा. दर वेळी स्टार देऊन मोकळी व्हायचे. मग एकदा चौकोनात फक्त एवढं लिहिलं की पिन चुकीच्या गल्लीत आहे, गेट पुढच्या रस्त्यावर मेडिकलच्या शेजारी आहे. बास, एक ओळ. काही दिवसांनी पिन गेटवर आला, त्यानंतर तो तमाशा बंद. माझ्यामुळेच झालं की आणखी कोणी कळवलं माहीत नाही, पण झालं.

सासऱ्यांच्या विम्याच्या वेळी पण, कमी मार्क दिले तर दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजर बाईंचा फोन आला, काय झालं विचारलं, अडकलेला कागद पुढे सरकवला. हां, फोन ठेवताना 'मॅडम आता परत लिंक पाठवते, जरा चांगलं रेटिंग द्या' हे म्हणाल्याच. दिलं मी. काम झालं होतं माझं.

आकडेमोड

शुभदाताई, ते कमी मार्क दिल्यावर फोन करणं, त्याला क्लोज्ड लूप म्हणतात आणि जिथे ते मनापासून करतात तिथे खरंच उपयोग होतो, कारण आकडा गोळा करून ठेवायच्या ऐवजी एक जिवंत माणूस एका जिवंत माणसाला फोन करतो. फक्त फोनचा हेतू काम करणं आहे की मार्क बदलून घेणं ते दोन मिनिटांत कळतं, परत लिंक पाठवते म्हटलं की समजायचं.

पिनचं तुमचं बरोबर आहे. जे एका माणसाला एका बैठकीत दुरुस्त करता येतं ते लिहिलं तर होतं, पत्ता, फोटो, साइझ चार्ट, चुकीची माहिती. त्यात कुणाचा महसूल जात नाही. वॉलेट काढा म्हटलं की महसूल जातो, तिथे चौकोनाची काय ताकद. असली गोष्ट वरच्या माणसापर्यंत एकटी पोचली तर मात्र कधीकधी चमत्कार होतो. ॲमेझॉनच्या जेफ बेझोसचा मेल पत्ता सगळ्यांना माहीत होता, ग्राहकाची तक्रार आली की तो वर नुसतं प्रश्नचिन्ह टाकून संबंधित माणसाला पुढे पाठवायचा, की तो माणूस हातातलं सगळं सोडून उत्तर शोधायला लागायचा. आकडे एक सांगत असतील आणि ग्राहकांचे किस्से दुसरंच, तर बहुतेक वेळा किस्से खरे निघतात असं तो मुलाखतीत म्हणालाय. आमच्या ऑफिसात हे मी एकदा बोलले तर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढची स्लाइड लावली.

मुलुंडकर_मनवा

बरं, मग मी करू काय? स्टार द्यायचेच बंद करू? आणि माझे पैसे कार्डावर परत मिळायला हवे होते हे कुणाच्या कानावर घालू?

ग्राहककाका_पार्ले

मनवाताई, मी उशिरा आलो पण मुद्द्याचं सांगतो. सर्व्हे वेगळा आणि तक्रार वेगळी. सर्व्हेला उत्तर द्यायला कंपनी कायद्याने बांधील नाही, तक्रारीला आहे. लोक सगळी वाफ सर्व्हेत दवडतात आणि तक्रार करतच नाहीत, कंपनीला हेच हवं असतं असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो लागू झाला जुलै २०२० मध्ये आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्यात प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव, हुद्दा, संपर्क साइटवर द्यायचा, तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. ते पान ॲपमध्ये सहज सापडत नाही, खाली खाली जात राहा, तळाला बारीक अक्षरांत 'ग्रीव्हन्स' म्हणून असतं. चॅटवाल्या मुलाशी भांडू नका, तो बिचारा काही करू शकत नाही, तो वर मालाडवाल्यांनी सांगितलंच आहे. त्या अधिकाऱ्याला मेल करा. ऑर्डर नंबर, तारीख, किती रुपये, कशाने भरले, काय हवं, एवढंच. चॅटचा स्क्रीनशॉट जोडा. भावना एका ओळीत उरका, निबंध नको.

तुमच्या टिकबद्दल. खरेदीची संमती आधीच टिक केलेल्या चौकोनातून घ्यायची नाही असं त्या नियमांत स्पष्ट आहे. तुमचा चौकोन रिफंडचा आहे, तेव्हा तोच नियम जसाच्या तसा लागेल असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण तक्रारीत मुद्दा जरूर घाला. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला चकवून कंपनीला हवं ते करायला लावणाऱ्या ॲप-साइटच्या रचनेवर, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत. कंपनीच्या सोयीचा पर्याय ठळक दाखवायचा आणि ग्राहकाच्या सोयीचा लपवायचा, हा 'इंटरफेस इंटरफिअरन्स' त्यातलाच. आणि सर्व्हेचा तो पॉपअप नको म्हटलं तरी परत परत छातीवर बसतो ना, तो 'नॅगिंग'मध्ये ओढता येईल का यावर आमच्या कट्ट्यावर बराच वाद झालाय.

महिन्यात काही झालं नाही, किंवा त्याच्या आधीच थातूरमातूर उत्तर आलं, तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १७ भाषांत चालते, मराठीतही. ते कोर्ट नाही, ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात, पण कंपनीच्या चॅटवर जे दार बंद असतं ते इथून उघडलेलं मी पाहिलंय. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागत नाही, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचं, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतं. मिक्सरसाठी कोण आयोगात जाणार म्हणाल, बरोबर आहे, कुणी जात नाही आणि हेच त्यांचं गणित आहे. अडलंत तर आपली मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासून हेच काम करते, कागद कसा लिहायचा इथपासून मार्गदर्शन करतात.

राहता राहिला सर्व्हे. तो फक्त कंपनी वाचते, वस्तूखालचा रिव्ह्यू पुढचं गिऱ्हाईक वाचतं. तुमच्याकडे दोन मिनिटंच असतील तर रिव्ह्यू लिहा. खोट्या रिव्ह्यूंचा सुळसुळाट आहे मान्य, त्यासाठी बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलंय, पण ते ऐच्छिक, त्यामुळे फार आशा लावून बसू नका.

बारा_डबा_फास्ट

काकांनी लावली ना वाट, आता मला तक्रार करावी लागणार.

एक सावध करतो पण. ते व्हॉट्सॲपवर 'अमुक कंपनीचा वर्धापनदिन, तीन प्रश्नांची उत्तरं द्या, मोबाइल जिंका' असले सर्व्हे येतात ते अजिबात उघडू नका. शेवटी वीस जणांना फॉरवर्ड करायला लावतात आणि मग कार्डाचा नंबर मागतात. आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०.

शुभदा_गोरेगाव

आणि स्टार देताना पक्यादादांचं लक्षात ठेवा, माणसाला माणसाचे द्या, राग कंपनीचा असेल तर चौकोनात एक ओळ. मी तरी आता तसंच करणार.

मुलुंडकर_मनवा

मेल टाकला आत्ताच, काकांनी सांगितला तसा, सात ओळींत बसवला. ग्रीव्हन्सचं पान शोधायला मिक्सर शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ४८ तासांत पोच येते का बघू, आली की इथे टाकते. आणि मजा म्हणजे मेल पाठवल्या पाठवल्या 'तक्रार नोंदवण्याचा अनुभव कसा वाटला' म्हणून सर्व्हे!!

बारा_डबा_फास्ट

भरू नका :)

माझं पण एक घ्या सगळे जमलात तर. एसीवाला आलाय, गॅस भरला, पण पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) गेलाय म्हणतो, नवीन यायला वेळ लागेल. आणि मोबाइलवर आलेला हॅपी कोड, काम पूर्ण झालं की सांगायचा तो नंबर, आत्ताच मागतोय. एसी बंद आणि कोडचं नाव हॅपी. देऊ का?

मालाड_नाइटशिफ्ट

अजिबात नाही. कोड दिला की तिकडे तिकीट क्लोज, टर्न-अराउंड टाइम हिरवा, आणि थोड्या वेळाने रोबोट फोन करून विचारणार तुम्ही किती समाधानी आहात. पार्ट यायचाय तर 'पार्ट पेंडिंग' टाक म्हणावं, तसा स्टेटस त्याच्या ॲपमध्ये असतो.

बारा_डबा_फास्ट

तो म्हणतो पेंडिंग टाकलं की ऑफिसात त्यालाच बोलणी बसतात.

भांडुपचा_पक्या

बसतात, खोटं नाही बोलत तो. तरी कोड नका देऊ. जॉब शीटवर कोणता पार्ट हवाय आणि काय काम राहिलंय ते त्याच्याकडून लिहून घ्या, सही घ्या, दोघांनी फोटो काढून ठेवा, म्हणजे उद्या त्यालाही साहेबाला दाखवायला काहीतरी राहील. आणि गॅसचे पैसे आत्ता देणार असाल तर त्याचं बिल वेगळं मागा, पीसीबीच्या बिलात परत लावतात.